बोरमाळेतली लाख

आमच्या पेढीवर मोडीचं काउंटर माझ्याकडे आहे. सोनं मोडायला कुणी हौसेनं येत नाही, म्हणून इथे बसणाऱ्यानं घाई करू नये, असं मला वाटतं.

2025 च्या जूनमधली गोष्ट. तोळा लाखाच्या घरात होता. एक अंगणवाडी सेविका लेकीला घेऊन आल्या. लेकीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, फी भरायची होती. त्यांनी बोरमाळ पुढे ठेवली. "दादा, एवढीच मोडायची. बाकीचं धाकट्यासाठी राहू दे."

सोबत 2012 ची पावती होती, दुसऱ्या गावातल्या दुकानाची. बोरमाळ, 24 ग्रॅम, 22 कॅरेट. हॉलमार्क नव्हता. तो 2021 च्या जूनपासून सक्तीचा होऊ लागला, तोही आधी काही जिल्ह्यांत. त्याआधी सगळा भरवसा दुकानदाराच्या शब्दावर.

कसोटीवर मणी घासला, तेजाबाचा थेंब सोडला. रेघ टिकली. कस बरोबर होता, पण शंका वजनाची होती. बोरमाळेचे मणी पोकळ असतात, चेपू नयेत म्हणून आत लाख, म्हणजे राळेसारखा पदार्थ, भरतात. ती घडणीची रीतच आहे, त्यात लबाडी नाही. लबाडी होते ती पावतीवर. तिथे एकूण वजन आणि नक्त, म्हणजे नुसत्या सोन्याचं, वजन वेगळं लिहायला हवं, आणि या पावतीवर एकच आकडा होता.

"ताई, एक मणी तापवून बघू का? मोडेल तो."

"बघा."

त्यांच्यासमोरच तोलला. 600 मिलिग्रॅम. ज्योतीवर धरताच लाख बुडबुडत, काळा धूर सोडत जळाली. उरलेला पत्रा पुन्हा काट्यावर ठेवला. 390. लेकीनं मोबाइलवर हिशेब केला. "आई, साडेपंधरा ग्रॅमच आहे गं."

म्हणजे जवळजवळ साडेआठ ग्रॅम लाख सोन्याच्या भावानं विकली होती, आणि मजुरी वर घेतली ती वेगळीच. अंगणवाडीच्या मानधनातून साठवलेले पैसे होते ते. माझा संताप संताप झाला. त्या मात्र काही बोलल्या नाहीत, पर्समधून गाठ मारलेला रुमाल काढला. आत वेढणी, म्हणजे सोन्याची साधी वळी. कधी गुरुपुष्यामृताला, कधी दसऱ्याला घेतलेली, एक ग्रॅमची, दोन ग्रॅमची. एकेक तोललं. सगळी मिळून 38 ग्रॅम. चोख सोनं, लाख नाही, झाळकामाचा डाग नाही, घट नाही.

बोरमाळ मोडली, कमी पडलं तेवढी वेढणी घेतली. पैसे त्यांच्या खात्यात टाकले. मण्याची दोन्ही वजनं कागदावर लिहून, सही करून दिली, त्या दुकानदाराला जाब विचारायला.

"मग धाकट्यासाठी काय घेत जाऊ?"

"वेढणीच घ्या, ताई. दागिना घालायच्या हौसेसाठी. पण सगळं सोन्यात नको, निम्मं पोस्टात टाका." 2013 ला भाव कोसळला आणि पुढे काही वर्षं सोनं रेंगाळलं, तेव्हा नेमकी फीची वेळ आलेले आईबाप मी याच काउंटरवर पाहिलेत. पोराचं कॉलेज भाव चढायची वाट बघत नाही.

उठताना लेकीनं आमची मोडीची पावतीही वरपासून खालपर्यंत वाचली, आणि नक्त वजनाच्या रकान्यावर बोट ठेवून आईला दाखवलं.