पुठ्ठ्याच्या आतली माणसं

'पराद' या बॅलेसाठी पिकासोने रंगवलेल्या पडद्याबद्दल आजवर वाटेल तेवढं लिहून झालंय. साडेदहा मीटर उंच, सोळा मीटरहून जास्त रुंद. त्यावर पंखवाली घोडी, तिला पिणारं शिंगरू आणि टेबलाभोवती बसलेली सर्कशीतली मंडळी. पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राच्या संग्रहात तो आहे आणि कधीतरी उलगडून दाखवतात तेव्हा त्याची बातमी होते. होऊ दे. मी आयुष्यभर कपडेपट सांभाळला. पडदा बघितला की माझं लक्ष त्याच्या मागे जातं, कारण अडकलेले हुक आणि घामाने भिजलेली अस्तरं तिथे असतात.

आणि 'पराद'मध्ये पडद्यामागे जे काही उभं होतं, ते बघून कुठलाही कपडेपटवाला डोक्याला हात लावेल.

१८ मे १९१७, पॅरिसचं शातले थिएटर. महायुद्ध चालू. द्यागिलेवच्या रशियन बॅले कंपनीचा प्रयोग. संहिता ज्याँ कॉक्तोची, वय सत्तावीस. संगीत एरिक सतीचं, त्याला आदल्याच दिवशी एक्कावन्न पूर्ण झालेली. नृत्य बसवणारा लेओनिद मासीन तर विशीतलं पोर. गोष्ट म्हटली तर दोन ओळींची: जत्रेतल्या एका खेळाचे कलाकार तंबूबाहेर येऊन थोडी थोडी झलक दाखवतात. एक चिनी जादूगार, एक अमेरिकन मुलगी, कसरतवाले. लोकांना वाटतं हाच खेळ, म्हणून आत कोणी जातच नाही. मग त्यांचे मॅनेजर बाहेर येऊन जिवाच्या आकांताने ओरडतात की अहो, खरा खेळ आत आहे!

हे मॅनेजर म्हणजे पिकासोचा खरा उद्योग. सुमारे तीन मीटर उंचीचे, पुठ्ठा, लाकूड, कापड यांचे चालते डोंगर. अमेरिकन मॅनेजरच्या अंगावर गगनचुंबी इमारती, हातात भोंगा. फ्रेंच मॅनेजरला मिशा आणि लांबलचक पाइप. नर्तकाचं शरीर कुठे दिसतं? पायांपाशी. बस. त्या काळचे फोटो मी भिंग लावून पाहिलेत आणि दर वेळी पहिला प्रश्न तोच पडतो: याचं वजन कुठे टाकलं असेल, खांद्यावर की कमरेवर? खांद्यावर टाकलं तर मान गेली, कमरेवर टाकलं तर गिरकी गेली.

एरवी कपडा नर्तकाच्या मापाने बेततात. हात किती वर जातो, पाठ किती वळते, हे ट्रायलला बघूनच शिवण ठरते. इथे सगळंच उलटं. चित्रकाराने आधी वस्तू बनवली आणि माणसाला सांगितलं, घुस आत. आता आत घुसलेला माणूस करणार काय? वाकता येत नाही, उडी मारता येत नाही. मासीनने त्यांना पाय आपटायला लावले. तालात, जड, हट्टी पाय आपटणं. त्या मॅनेजरांचा सगळा नाच म्हणजे हे पाय आपटणं, आणि मला विचाराल तर 'पराद'मधला सगळ्यात नवा भाग तोच आहे. क्यूबिझम, म्हणजे वस्तू भौमितिक तुकड्यांत मोडून दाखवणारी चित्रशैली, रंगभूमीवर आला असं म्हणतात. तो आला त्या आपटणाऱ्या टाचांमधून.

तिसऱ्या मॅनेजरची कथा तर अस्सल नाटकवाल्यांची आहे. तो घोड्यावर बसलेला पुतळा असणार होता. घोडा म्हणजे अर्थात दोन नर्तक, वर आफ्रिकन मुखवट्यासारखं तोंड. तालमीत पुतळा खाली पडला. अशा वेळी निर्माता काय म्हणतो ते जगभर सारखंच: राहू दे, घोडा एकटाच नाचेल. आणि घोडा एकटाच नाचला. तेही संगीताशिवाय!

घोड्याच्या मागच्या भागात असणाऱ्याला दिसतं काय, तर पुढच्याची पाठ. मी अशी जोडसोंगं शिवलेली आहेत. एरवी तो बिचारा संगीतावर विसंबून असतो. संगीतच काढून घेतलं तर त्याच्याजवळ मनातल्या मनात मोजलेले आकडे उरतात आणि पुढच्याच्या कमरेवर ठेवलेले हात.

प्रेक्षक खवळले, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या वसंतात फ्रेंच सैन्यात बंड चाललेलं, रोज माणसं मरतायत, आणि इथे पुठ्ठ्याचा घोडा. डोक्याला जखम झालेला कवी आपोलिनेर गणवेशात हजर होता. याच बॅलेच्या माहितीपत्रकात त्याने 'सुररिअ‍ॅलिझम' (अतिवास्तववाद) हा शब्द पहिल्यांदा छापून आणला. सतीने एका टीकाकाराला शिवीगाळ करणारी उघडी पोस्टकार्डं पाठवली. उघडी, म्हणजे पोस्टमनपासून इमारतीच्या राखणदारापर्यंत कोणीही वाचावीत. खटला होऊन आठ दिवसांची कैद सुनावली गेली, पुढे ती स्थगित झाली. मला सती फार आवडतो, पण हे वागणं बालिशच.

कॉक्तोची मात्र माणसाला झाकायची हौस एवढ्यावर भागली नाही. २१ फेब्रुवारी १९२० ला त्याचं 'ल बफ स्युर ल त्वा' ('छपरावरचा बैल') आलं. दारियस मियोचं संगीत, ब्राझिलियन गाण्यांनी खच्चून भरलेलं, धावतं. आणि रंगमंचावर मोठाली पुठ्ठ्याची डोकी घातलेली माणसं त्या धावत्या संगीतावर मुद्दाम अतिशय सावकाश हलणारी. इथे त्याने एक शहाणपणा केला: नर्तकांऐवजी फ्रातेलिनी बंधूंसारखे सर्कशीतले विदूषक घेतले. अंगावर नसते बोजे घेऊन काम करणं त्यांच्या रक्तातच.

१९२१ साली रोल्फ द मारेच्या स्वीडिश बॅले कंपनीसाठी आयफेल टॉवरवरच्या लग्नाचं नाटक. मुखवटे घातलेली वरात मुकी, आणि त्यांचे संवाद रंगमंचाच्या दोन बाजूंना फोनोग्राफचं सोंग घेऊन उभी असलेली दोन माणसं बोलणार. त्यातला एक खुद्द कॉक्तो! चेहरा काढून घेतला, आवाजही काढून घेतला, आणि आवाज घेतला कोणी, तर लेखकाने. फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यातून शहामृग बाहेर येतो हे मला मनापासून आवडतं. पण नर्तकांच्या जागी मी असते तर बिदागी वाढवून मागितली असती.

दोनच वर्षांनी त्याच कंपनीचं 'ला क्रेआस्यों द्यु माँद' ('जगाची निर्मिती'). संहिता ब्लेझ साँद्रारची, चित्रं फेर्नां लेजेची, संगीत पुन्हा मियोचं. आफ्रिकन निर्मितीकथा, पॅरिसमध्ये बसून पुस्तकांतून वेचलेल्या. लेजेला माणूस माणसासारखा दिसायलाच नको होता, म्हणून नर्तक प्राणी झाले, पक्षी झाले, चार पायांवर रांगले. टीकाकार म्हणाले, या कंपनीत नृत्य कमी आणि चित्रंच जास्त. खरं आहे ते. पण हे सगळं बसवणारा आणि स्वतः नाचणारा ज्याँ बोर्लिन रोज रात्री उभा होता. १९२४ च्या नोव्हेंबरात चित्रकार पिकाबियाच्या 'रलाश' या बॅलेच्या पहिल्या प्रयोगाला तो आजारी पडला. शीर्षकाचाच अर्थ 'आज प्रयोग नाही', त्यामुळे बंद दारं पाहून लोकांना ती दादावाद्यांची, म्हणजे कलेचे सगळे नियम मोडून खिल्ली उडवणाऱ्या कलाकारांची, थट्टा वाटली. मागे एक थकलेला माणूस होता. पुढे १९३० मध्ये, सदतिसाव्या वर्षी, तो गेला. पिकाबियाने रंगमंचावर लावलेले ३७० दिवे सगळ्यांना आठवतात.

कॉक्तो नंतर बदलला असं मी मानते. जून १९४६ मध्ये त्याच्या संहितेवर रोलाँ पतीने 'ल जन ओम ए ला मॉर' ('तरुण आणि मृत्यू') हे बॅले बसवलं. नर्तक ज्याँ बाबिले, तेवीस वर्षांचा, अंगात रंगाचे डाग पडलेली साधी डांगरी आणि उघडी छाती. एक टेबल, काही खुर्च्या, एक पलंग. तालमी जाझवर झाल्या आणि प्रयोगाला ऐन वेळी बाखचं संगीत लावलं. हा पुन्हा कॉक्तोचा खोडसाळपणा. पण आता काढून घेतलं ते संगीत होतं; शरीर त्याने नर्तकाला परत दिलं होतं. खुर्चीवरून तोल सांभाळत जाणारा बाबिले मी जुन्या चित्रफितीत पाहिला आहे. त्या डांगरीची काखेतली शिवण सैल ठेवलेली असणार, त्याशिवाय तो हात तसा जायचाच नाही.

शेवटी मृत्यू येतो आणि स्वतःचा मुखवटा काढून या तरुणाच्या तोंडावर चढवतो. एकच मुखवटा, अगदी अखेरीला, आणि बाबिले तो चढवून घराच्या छपरांवरून चालत जातो. 'पराद'च्या मॅनेजरांना तर आधीपासूनच सगळं अंगावर वागवावं लागलं होतं. तरी दोन्हींपैकी एकाचंच तिकीट काढायचं असेल तर मी 'पराद'चंच काढीन, आणि घोडा नाचायला लागला की मागच्या पायांकडेच बघत बसेन.