दगडी गळ्यातलं पाणी : पानं 23 ते 31

मंडळी, माझ्या या चित्रकथेची दोन महिन्यांत जवळजवळ नऊ पानं शाईत उतरली. त्यातली चार पुन्हा काढावी लागली, ते आधी सांगतो.

पहिल्या खर्ड्यात म्हाताऱ्या ड्रुइडच्या, म्हणजे प्राचीन केल्टिक पुरोहिताच्या, काठीवर मी ऑगम या जुन्या आयरिश लिपीच्या रेघा कोरल्या होत्या. दिसत होत्या झकास. पण माझी कथा सुरू होते इ.स. 60च्या सुमारास, वेल्सच्या वायव्य टोकाच्या अँगलसी बेटावर, आणि ऑगमचे शिलालेख सापडतात ते साधारण चौथ्या शतकापासून पुढचे. शिवाय सीझर लिहितो की ड्रुइड आपली विद्या लिहून ठेवणं निषिद्ध मानत. काही शिष्य वीस-वीस वर्षं ती तोंडपाठ करत. आपल्या वेदपाठशाळा आठवल्याच. म्हणून काठी कोरी केली. मंत्राच्या फुग्यातही आता अक्षर नाही, कोरड्या ब्रशची एक लांब ओढ आहे फक्त. पान 26 वर ती अशी उमटली की मी दिवसभर खुशीत होतो.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: ब्रिन हा ड्रुइडांचा शिष्य. बेट आणि वेल्स यांच्यामधली मेनाई सामुद्रधुनी कुठे उथळ आहे ते तो रोमन घोडदळाला दाखवतो. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या वर्णनात पायदळ सपाट तळाच्या होड्यांतून येतं, घोडेस्वार उथळ पाण्यातून किंवा पोहत. किनाऱ्यावर काळे कपडे घातलेल्या, मशाली धरलेल्या बायका, आभाळाकडे हात करून शाप देणारे ड्रुइड, आणि ते बघून जागीच थिजलेले सैनिक. तो थिजलेला क्षण मी 24-25 अशा जोडपानावर पसरलाय. पुढे देवराया तोडल्या जातात आणि गुरूच्या शापाने ब्रिन दगड होतो. हजारेक वर्षांनी गवंडी तोच दगड एका चर्चच्या भिंतीत गार्गॉयल म्हणून बसवतात. ब्रिन आणि शाप माझ्या कल्पनेतले.

अडलं होतं ते त्याच्या प्रायश्चित्तापाशी. मूळ आराखड्यात तो दगडी पंख पसरून उडतो, राक्षसाशी लढतो, गाव वाचवतो. सहा वेळा थंबनेल, म्हणजे पानाचे छोटे कच्चे आराखडे, काढले, सहाही वेळा खोटं वाटलं. त्या लढाईचा त्याच्या गुन्ह्याशी काडीचा संबंध नव्हता.

उत्तर गार्गॉयलच्या कामातच होतं. खरा गार्गॉयल म्हणजे पन्हळ. या शब्दामागचा फ्रेंच शब्दही गळ्याशी नातं सांगतो. छपराचं पाणी तोंडावाटे भिंतीपासून लांब फेकायचं, म्हणजे सांध्यांतला चुना धुपत नाही. (पॅरिसच्या नोत्र दाम चर्चवरचा तो गालावर हात ठेवून बसलेला प्रसिद्ध शिंगवाला एकोणिसाव्या शतकातल्या डागडुजीतला आहे, त्याच्या तोंडातून पाणी येत नाही.) ज्याने पाण्यातून शत्रूला वाट दिली, त्याने आता प्रत्येक पावसाचं पाणी स्वतःच्या गळ्यातून बाहेर काढायचं, भिंत राखायची. उड्डाण मी काढून टाकलं. आपल्या देवळांतलं अभिषेकाचं पाणी बाहेर नेणारं गोमुख लहानपणापासून बघत आलोय, तरी हे सुचायला आठ महिने लागले!

मग धार कशी पडते ते बघायला गणपतीतल्या उरलेल्या शाडूचं वीतभर डोकं केलं. पाठीतून घशापर्यंत बोटाने पन्हळ काढली, दोन दिवस सुकवलं आणि तांब्याने पाणी सोडलं. धार पुढे पडलीच नाही. खालच्या ओठावरून वळून हनुवटीला चिकटत मानेकडे परतली. ओठाची कड गोल राहिली होती. कड धारदार केली, मान दोन बोटं लांबवली, आणि धार सुटली. तिसऱ्या तांब्याला मात्र कच्च्या शाडूचा डावा जबडाच विरघळला. नाक बोथट, एक गाल वाहून गेलेला, डोळ्याची खोबण तेवढी शाबूत. लगेच फोटो काढले. शतकानुशतकं पाऊस खाल्लेला ब्रिन मला हवा होता तो हाच. 29 पासूनची पानं त्या चेहऱ्यावरून काढली आहेत.

पान 31, पहिला पाऊस, अजून अर्धं आहे. धार पांढऱ्या जेल पेनने वरून मारली तर चिकटवल्यासारखी दिसते, म्हणून कागदाचाच पांढरा राखून भोवती शाई भरतोय, शून्य नंबरच्या ब्रशने. दगडाचं पोत जुन्या टूथब्रशने शिंपडलंय. कोणी धारेचा कागद मास्किंग फ्लुइडने झाकून बघितला असेल तर सांगा; माझा कार्ट्रिज पेपर ते सोलताना फाटतो.