नवा बिडाचा तवा घावनांपर्यंत आणताना: माझा अनुभव

बिडाचे तवे बहुतेक वेळा जास्तीच्या तेलाने बिघडतात. तवा चिकट लागतो, तेल तापवून बसवलेल्या थराचे टवके निघतात, खवट वास येतो, या सगळ्या तक्रारींच्या मुळाशी जाड लावलेलं तेलच असतं. नवा तवा वापरात आणण्याचं काम मी आता बऱ्याच वेळा केलं आहे, स्वतःच्या घरासाठी आणि नातलगांसाठीही. म्हणून ते पहिल्यापासून लिहून काढते, कुठे घाई चालते आणि कुठे अजिबात चालत नाही तेही.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. पोळीचा नेहमीचा तवा पत्र्याचा असतो. तो पडला तर पोचा येतो. बिडाचा तवा पडला तर तडकतो, कारण त्यात कार्बनचं प्रमाण जास्त आणि धातू ठिसूळ. त्याच्या जाडीमुळे तो उशिरा तापतो, पण एकदा तापला की थंड पीठ ओतल्यावर फारसा निवत नाही. घावनाला जाळी पडते ती यामुळे.

दुकानात तवा एका हाताने कडीला किंवा दांड्याला धरून लोंबता ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने कडेला ठोकायचं. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर तवा अखंड. बद्द आवाज आला तर कुठेतरी केसासारखी चीर असण्याची शक्यता आहे, तो घेऊ नका. मग सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतो का बघा, विशेषतः घरात इंडक्शन असेल तर. पृष्ठभागावर हात फिरवा. बारीक खरखर चालते, ओतकामाच्या वाळूमुळे ती येतेच. टोचणारे उंचवटे किंवा खोल खड्डे नकोत, पीठ तिथेच अडकतं. घरगुती वापराला 10 ते 11 इंचांचा तवा पुरतो. 12 इंचांचा तवा घरच्या बर्नरवर कडेला नीट तापत नाही आणि उचलताना मनगटाला जड जातो.

नव्या तव्यावर कारखान्यातून तीनपैकी काहीतरी लावलेलं असतं: गंज लागू नये म्हणून साधं तेल किंवा मेण, काळा रंग, किंवा खाण्याच्या तेलाचा भाजून बसवलेला थर. तिसऱ्या प्रकाराला दुकानदार ‘रेडी टू यूज’ म्हणतात. तो नुसता धुऊन, वर तेलाचे एकदोन हात देऊन वापरता येतो. काळा रंग ओळखायला तवा मंद गॅसवर तापवायचा. रंगाच्या डब्यासारखा उग्र वास यायला लागला तर तवा निववून परत करावा, हेच माझं मत. घासून काढता येतो, पण काय लावलंय ते माहीत नसताना त्यावर खाणं शिजवू नये.

घासणं

तेल किंवा मेण असलेल्या तव्याला गरम पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि तारेची घासणी. इथे साबणाला घाबरायचं कारण नाही, अजून थर बसलेलाच नाही. पुढून, मागून, कडेच्या खाचेत, सगळीकडे. पाणी काळं-करडं निघत राहतं. पांढऱ्या ओल्या फडक्याने पुसून बघायचं. हलका करडा डाग उरला तरी हरकत नाही, पण चिकट काळा डाग येत असेल तर पुन्हा घासा.

खरखर जास्त असेल तर पॉलिश पेपर. हार्डवेअरच्या दुकानातून पाण्यात चालणारा 80 नंबरचा आणि 120 नंबरचा एकेक कागद आणायचा. तव्यावर थोडं पाणी ठेवून आधी 80, मग 120, गोल गोल. कोरडं घासलं तर लोखंडाची भुकटी उडते आणि नाकात जाते, म्हणून ओलंच घासायचं. आरशासारखा गुळगुळीत करायला जाऊ नका. थराला धरायला थोडी खरखर लागते.

पेज

कोकणातल्या घरांमधून चालत आलेली पद्धत म्हणजे तव्यात भाताची पेज भरून ठेवणं. 1 वाटी तांदूळ 6 वाट्या पाण्यात मऊ शिजवून वरची पेज गाळून घ्यायची आणि कोमट असताना तव्यात काठापर्यंत ओतायची. रात्रभर तशीच. सकाळी ती करडी झालेली दिसते. फेकून द्यायची, काथ्याने तवा घासायचा, पुसून कोरडा करायचा आणि संध्याकाळी ताजी पेज. पेज करडी व्हायची थांबेपर्यंत हे करत राहायचं, बहुधा तीनचार रात्री लागतात. आंबूस झालेली पेज बारीक गंज आणि लोखंडाचा वास काढते. मात्र पेजेने तवा ‘तयार’ होतो असं जे म्हणतात ते अर्धंच खरं आहे. पीठ सुटून येतं ते तेलाच्या थरामुळे, पेजेने फक्त जागा स्वच्छ होते. पॉलिश पेपरने नीट घासलेला तवा असेल तर ही पायरी वगळली तरी चालते.

शेवटचं धुणं झालं की तवा पुसून लगेच मंद गॅसवर. वाऱ्यावर वाळत ठेवायचा नाही. उघड्या बिडावर काही मिनिटांत नारिंगी झाक येते, पावसाळ्यात तर डोळ्यादेखत. आली तर कोरड्या फडक्याने जोरात पुसा आणि तापवा.

तेलाचे हात

खरं काम हे. लोखंडावर तेलाचा अगदी पातळ पापुद्रा ठेवून तापवला की तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि कडक, कोरडा, काळपट थर बनतो. हा थर धुतला जात नाही आणि त्याला पीठ चिकटत नाही. सगळ्या तेलांना हे सारखं जमत नाही. खोबरेल तेल इथे निरुपयोगी आहे. ते संपृक्त असल्याने गुंफलं जात नाही, तव्यावर नुसतं तुपकट राहतं. घावनं करताना खुशाल वापरा, थर बसवताना नको. जवसाचं तेल सगळ्यात कडक थर देतं, पण तो ठिसूळ असतो आणि काही महिन्यांत खपल्या निघतात. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं रिफाइंड तेल मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. घरात असतंच.

10 इंची तव्याच्या दोन्ही बाजूंना मिळून अर्धा चमचा तेल पुरे. चहाचा चमचा, पळी नव्हे. तवा हाताला सोसेल इतका गरम करून जुन्या सुती धोतराच्या किंवा साडीच्या फडक्याने तेल सगळीकडे चोळायचं. मग दुसरं कोरडं फडकं घ्यायचं आणि ते तेल चुकून लागलं आहे असं समजून पूर्ण पुसून काढायचं. तवा उजेडात तिरका धरून बघा. ओली चकाकी दिसत असेल तर अजून पुसायचं. पृष्ठभाग जवळजवळ कोरडा, किंचित गडद दिसला की प्रमाण बरोबर. इथे हात आखडता घेणं बायकांना जमत नाही, कारण भांड्याला तेल लावायचं म्हणजे सढळ हाताने, ही सवय. पण उरलेला प्रत्येक थेंब पुढे चिकट ठिपका होतो.

आता मध्यम गॅस. खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट चालू, मुलं स्वयंपाकघराबाहेर. धूर यायला लागतो, काही मिनिटं येतो आणि मग कमी होत थांबतो. थांबेपर्यंत तापवायचं, साधारण 8 ते 10 मिनिटं. बर्नर फक्त मधला भाग तापवतो, म्हणून दर दोन मिनिटांनी तवा सरकवून कडा ज्योतीवर आणायच्या. नाहीतर मध्यभाग काळा आणि कडा तपकिरी, चिकट राहतात. दांडा जाड, कोरड्या फडक्यानेच धरायचा. फडकं ओलं असेल तर वाफेने हात भाजतो.

गॅस बंद करून तवा कोमट होऊ द्यायचा आणि पुन्हा तेच. चार ते सहा हात दिले की करडा तवा आधी तपकिरी, मग काळपट होतो. सगळे एका दिवशी द्यायलाच हवेत असं नाही.

ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) मावत असेल तर काम सोपं होतं: तेल लावून पुसलेला तवा उपडा ठेवायचा, 230 अंशांवर 1 तास, आणि आतच गार होऊ द्यायचा. उपडा अशासाठी, की जास्तीचं तेल साचून राहू नये. लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ असेल तर हा मार्ग बंद.

तवा चिकट झालाच तर वरून आणखी तेल लावू नका. तेल न लावता मध्यम आचेवर धूर थांबेपर्यंत तापवा. चिकटपणा थोडा असेल तर एवढ्यानेच जातो. गोंदासारखे ठिपके असतील तर कोमट तव्यावर जाडं मीठ आणि काथ्या घेऊन ते घासून काढा आणि त्या जागेवर पातळ हात द्या. सगळाच थर खपल्यांनी सुटत असेल तर पॉलिश पेपरपासून पुन्हा सुरुवात. अर्धवट सुटलेल्या थरावर नवा थर टिकत नाही.

पहिले काही दिवस

अर्धा कांदा काट्याला टोचून, थोड्या तेलात बुडवून गरम तव्यावर फिरवायचा. मग चार कांदे उभे चिरून चमचाभर तेलात काळे होईपर्यंत परतायचे आणि टाकून द्यायचे. त्यानंतर तेल लागणारे पदार्थ: थालीपीठ, बेसनाची धिरडी, कांद्याचे काप. टोमॅटो, चिंच, आमसूल, लिंबू यांतलं काहीही महिनाभर तरी या तव्यावर नको. आंबट पदार्थ कोवळा थर खातात आणि खाणं काळपट होऊन त्याला लोखंडाची चव येते. पोळ्याही याच्यावर भाजू नका. कोरडं पीठ जळून थरावर बसतं आणि पुढचं घावन तिथेच धरतं. घावन-आंबोळीचा तवा वेगळा ठेवतात तो यासाठीच.

घावनाला 1 वाटी तांदळाच्या पिठाला साधारण 2 वाट्या पाणी, चवीला मीठ. पीठ ताकाइतकं सरसरीत हवं आणि दर वेळी तळापासून ढवळून घ्यायचं, कारण तांदळाचं पीठ खाली बसतं. तवा मोठ्या आचेवर तापवून पाण्याचे दोन थेंब टाका. थेंब नुसता सुकला तर तवा थंड आहे, चुरचुरत उड्या मारत पळाला की ठीक. कांद्याने तेल फिरवा, पीठ कडेकडून आत ओतत या, झाकण ठेवा. कडा आपोआप उचलल्या जाईपर्यंत उलथणं लावायचं नाही. घावन चिकटण्याची कारणं नेहमी हीच: तवा पुरता तापलेला नाही, पीठ दाट आहे, किंवा उलटायची घाई. तवा ठीक असूनही पहिलं घावन बरेचदा धरतं. त्यावरून तव्याला नावं ठेवू नका.

आंबोळीला 3 वाट्या तांदूळ, 1 वाटी उडदाची डाळ आणि 1 चमचा मेथ्या भिजवून, वाटून, रात्रभर आंबवलेलं पीठ. ते आंबट असतं, त्यामुळे आंबोळ्या काही आठवड्यांनी, थर चांगला काळा झाल्यावर.

धुणं, गंज आणि ओट्यावरचा डाग

तवा कोमट असताना गरम पाणी आणि काथ्या. भांड्यांच्या लिक्विडचा एखादा थेंब चालतो, पक्का थर त्याने जात नाही. पण सिंकमध्ये खरकट्या भांड्यांबरोबर भिजत राहिलेला तवा सकाळी नारिंगी झालेला असतो. हलका गंज चिंचेचा कोळ आणि जाडं मीठ यांनी जातो. गंज खोलवर असेल तर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन तवा त्यात अर्धा तास ठेवा आणि बघत राहा. तासन्‌तास ठेवला तर आम्ल खालचं लोखंडही खातं. मग खळखळून धुणं, लगेच तापवून कोरडा करणं आणि दोनतीन पातळ हात.

ओला तवा ओट्यावर राहिला तर गंजाचं वर्तुळ उमटतं. ग्रॅनाइटवर लिंबू आणि मीठ दहा मिनिटं लावून पुसलं की ते जातं. जुन्या घरांत ओट्याला कडाप्पा असतो. तो चुनखडीचा दगड आहे, लिंबू लागलं की त्याची चकाकी कायमची जाते. संगमरवराचंही तसंच. तिथे खाण्याच्या सोड्याची पाण्यात कालवलेली पेस्ट आणि मऊ फडकं, आणि जेवढा डाग निघेल तेवढ्यावर समाधान मानायचं.

बरेच दिवस वापर नसेल तर तव्याला जाड तेल चोपडून ठेवू नका, ते खवट होतं. तापवून कोरडा केलेला तवा, त्यावर पुसून काढलेला तेलाचा हात, आणि सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी. वर दुसरी भांडी रचायची असतील तर मध्ये कापडाची घडी हवी.

तापलेला तवा नळाखाली धरायचा नाही. पत्र्याचा तवा ते सोसतो, बीड टाणकन तडकतं आणि तडकलेलं बीड सांधून घेतलं तरी घरगुती वापराला भरवसा राहत नाही. इंडक्शनवरही हाच धोका आहे. सुरुवातीलाच पूर्ण ताकद लावली तर कॉइलवरचा भाग झटकन तापतो आणि कडा थंड राहतात. 3–4 मिनिटं कमी सेटिंगवर ठेवून मग वाढवायचं. काचेवर तवा ओढायचा नाही, उचलून ठेवायचा.