ॲम्ब्युलन्स येईपर्यंतचे साडेसात तास

डिसेंबर २०२२. संध्याकाळचे पावणेपाच झाले होते आणि इंग्लंडमधल्या हिवाळ्याप्रमाणे बाहेर केव्हाच काळोख पडला होता. आमची आणि शेजारची भिंत एकच. त्या भिंतीवर ठकठक ऐकू आली. तीनदा वाजली, थांबली, परत तीनदा वाजली. पलीकडे ८४ वर्षांच्या आजी एकट्या राहतात. (त्यांना मी नावाने हाक मारते, इथे तशीच रीत आहे, पण मनात त्या आजीच.) मागच्या दाराने आत गेले तर त्या स्वयंपाकघरात फरशीवर पडलेल्या. एक पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, हातात काठी. त्या काठीनेच त्या भिंत ठोकत होत्या. मला पाहून पहिलं वाक्य काय, तर "तुला उगाच त्रास दिला."

मी ९९९ ला, म्हणजे इथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरावर, फोन लावला. कोणती सेवा हवी ते विचारून फोन पुढे जोडून देतात आणि मग लगेच प्रश्न येतो: पेशंट श्वास घेतोय का? शुद्धीवर आहे का? रक्त वाहतंय का? डोक्याला मार लागलाय का? मी मोठ्या समाधानाने सांगत गेले की श्वास नीट आहे, बोलताहेत, रक्त नाही. त्यातलं प्रत्येक चांगलं उत्तर आम्हाला रांगेत मागे नेत होतं, हे मला त्या वेळी माहीत नव्हतं. शेवटी फोनवरच्या मुलीने अतिशय मृदू आवाजात सांगितलं, "ॲम्ब्युलन्स येईल, पण काही तास लागतील. त्यांना हलवू नका. खायला-प्यायला काही देऊ नका. तब्येत बिघडली तर लगेच परत फोन करा."

काही तास हे शब्द मी तिला दोनदा विचारून घेतले.

इथे २०१७ पासून आलेल्या फोनची चार गटांत वर्गवारी करतात. हृदय बंद पडलंय, श्वास थांबलाय, असे पेशंट पहिल्या गटात. तिथे सरासरी ७ मिनिटांत पोहोचायचं असं ठरलेलं आहे. पक्षाघात, छातीत दुखणं हे दुसऱ्या गटात, सरासरी १८ मिनिटं. तिसऱ्या गटात दहापैकी नऊ जणांकडे २ तासांच्या आत आणि चौथ्यात ३ तासांच्या आत. हे झालं ठरलेलं. त्या डिसेंबरात इंग्लंडभर दुसऱ्या गटाचीच सरासरी दीड तासाच्या वर गेली होती. म्हणजे छातीत कळ येणाऱ्या माणसाला दीड तास. पडून पाय मोडलेल्या आजी त्यांच्याही मागे होत्या, आणि खरं सांगायचं तर हा क्रम मला आजही चुकीचा वाटत नाही.

पण फरशी गार होती. म्हाताऱ्या माणसाने असं जमिनीवर तासन्‌तास पडून राहण्याला इथे ‘लाँग लाय’ असा स्वतंत्र शब्द आहे, इतकी ती नेहमीची गोष्ट आहे. शरीर गार पडतं, एकाच जागी भार पडून कातडी दुखावते, दबलेल्या स्नायूंचा त्रास मूत्रपिंडांपर्यंत जाऊ शकतो. मोडलेल्या हाडाइतकीच ही पडून राहण्याची वेळ घातक असते. मी आमच्या घरातून दोन गोधड्या आणल्या. समोरच्या घरातल्या निवृत्त नर्सबाई आल्या आणि त्या आल्यावर माझे हात थरथरायचे थांबले. पाय सरळ करायचा प्रयत्नही करायचा नाही, दोन्ही बाजूंनी उशा लावून तो आहे तसा आधाराने ठेवायचा, हे त्यांनीच दाखवलं. दर अर्ध्या तासाने त्या नाडी बघत आणि कागदावर वेळ लिहून ठेवत. पलीकडच्या घरातला कॉलेजचा मुलगा रस्त्यावर जाऊन उभा राहिला, गाडी घर शोधत फिरायला नको म्हणून. आजींना तहान लागली तेव्हा ओल्या कापसाने फक्त ओठ पुसले. त्या मला त्यांच्या लहानपणाबद्दल सांगत होत्या आणि मधेच कळ आली की माझा हात घट्ट धरत होत्या. दोनदा परत फोन केला. दोन्ही वेळा तीच माफी, तेच "आम्ही विसरलेलो नाही."

गाडी आली तेव्हा रात्रीचे सव्वाबारा वाजले होते. साडेसात तास.

गाडीतून आलेल्या दोघांवर मी रागावणार होते. पण आत आलेल्या पॅरामेडिक मुलीने आधी आजींजवळ गुडघे टेकले, त्यांचा गाल स्पर्शून माफी मागितली आणि मग वेदनाशामक दिलं. आजींचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. बाहेर सामान ठेवताना तिचा जोडीदार म्हणाला, की शिफ्टचे पहिले पाच तास ते एका हॉस्पिटलच्या दारात गाडीतच पेशंट घेऊन उभे होते. आत खाट नव्हती.

तेव्हापासून हे मी अनेकांना समजावून सांगत असते, कारण "तिकडे तर पाच मिनिटांत येते ना?" हा प्रश्न घरून फोनवर हमखास येतो. हॉस्पिटलच्या दारात पेशंट १५ मिनिटांच्या आत सोपवावा असा नियम आहे. पण वॉर्डातल्या हजारो खाटांवर अशी माणसं असतात, ज्यांना डॉक्टरांनी घरी जायला परवानगी दिलेली असते. घरी मात्र त्यांना अंघोळ घालायला, उठवायला-बसवायला कोणी नसतं आणि वृद्धाश्रमांत जागा नसते. ती माणसं खाटेवर, म्हणून नवा पेशंट अपघात विभागात, म्हणून त्याच्या मागचा गाडीत, आणि त्याच्या मागच्या माझ्या आजी फरशीवर. त्याच महिन्यात नर्सेस आणि ॲम्ब्युलन्स कर्मचाऱ्यांचे संपही झाले, पण आमचा दिवस संपाचा नव्हता. ही गर्दी संपाच्या कितीतरी आधीची आहे. नुसत्या ॲम्ब्युलन्स वाढवून ती हटणार नाही, असं माझं ठाम मत झालं आहे.

लोक मग आपापल्या परीने तयारीत राहतात. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दाराशी आकड्यांचं कुलूप असलेली छोटी पेटी असते, तिच्यात घराची किल्ली. गळ्यात बटण असतं, दाबलं की मदत केंद्राला कळतं. लायन्स क्लब एक छोटी बाटली देतो. तिच्यात आजार आणि औषधांची माहिती लिहून ती फ्रिजमध्ये ठेवायची, कारण फ्रिज प्रत्येक घरात सापडतो. खेड्यांतल्या जुन्या लाल टेलिफोन बूथमध्ये आता डिफिब्रिलेटर, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारी यंत्रं, बसवलेली दिसतात. हृदय बंद पडलं तर ९९९ वरचा माणूसच जवळचं यंत्र कुठे आहे ते सांगतो. हृदय थांबल्यावर छाती दाबणं आणि विजेचा झटका यांना होणाऱ्या दर मिनिटाच्या उशिराने जगण्याची शक्यता साधारण दहा टक्क्यांनी घटते. तिथे सरासरी ७ मिनिटंसुद्धा फार झाली. २०२० पासून इंग्लंडच्या माध्यमिक शाळांत मुलांना सीपीआर (हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबण्याचा प्रथमोपचार) शिकवणं सक्तीचं आहे.

आणि गावोगाव प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक असतात, ‘कम्युनिटी फर्स्ट रिस्पॉन्डर’. पगार नाही. फोन आला की घरातून उठून ऑक्सिजन आणि डिफिब्रिलेटर घेऊन ॲम्ब्युलन्सच्या आधी पोहोचायचं. मी अजून तिथवर गेलेले नाही, पण सीपीआरचा वर्ग केला. पुतळ्याची छाती दाबताना दोन मिनिटांत दंड भरून येतात. दोघे असाल तर आलटून-पालटून करा, असं का सांगतात ते तेव्हा कळलं.

आजींचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. फेब्रुवारीत त्या घरी आल्या, वॉकर घेऊन. त्यांची किल्ली आता आमच्या दारामागे लटकते आणि दिवे घालवण्याआधी त्या भिंतीवर दोनदा टकटक करतात. मी उलट दोनदा करते.

त्या आठवड्यात मी आई-बाबांना फोन करून औषधांची यादी लिहायला लावली. मोठ्या अक्षरांत, तारखेसकट, फ्रिजच्या दारावर. मग विचारलं, रात्री काही झालं तर आधी कोणाला हाक माराल, आणि त्यांच्याकडे आपली किल्ली आहे का? बाबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "उद्या देतो."