एका अक्षरापायी अडलेली रोल्स-रॉइस

आजोबांनी एका जुन्या संस्थानी घराण्याकडून विकत घेतलेली रोल्स-रॉइस ट्वेंटी-ट्वेंटीफाइव्ह आमच्या वाड्यात कित्येक वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. १९२९ ते १९३६ या काळात या मॉडेलच्या चार हजारांहूनही कमी गाड्या तयार झाल्या. कंपनी त्या वेळी इंजिनासह नुसती चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, देई आणि बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिरांकडून बांधून घेई, त्यामुळे छायाचित्राशी ताडून गाडी ओळखण्याची सोय नसते. ओळख पटते ती चासी नंबरावरूनच, आणि आमचे घोडे नेमके तिथेच अडले.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम अधिसूचित केले. नव्याने नोंदवलेल्या अशा गाडीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात, मात्र पूर्वी नोंदलेल्या गाडीला मूळ क्रमांक ठेवता येतो. मला आजोबांचाच क्रमांक हवा होता. अर्जासोबत चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने घासलेला ठसा जोडला आणि आठवड्याभरात अर्ज परत आला, कारण ठशात 'जीएक्सओ' होते, तर आरसी बुकात कोण्या कारकुनाने 'ओ'च्या जागी शून्य लिहून ठेवले होते. या मॉडेलची पहिली मालिकाच जीएक्सओ होती, हे मी तोंडी सांगून पाहिले. पण तोंडी सांगण्याला तिथे किंमत नव्हती, आणि खरे तर असूही नये.

अखेर इंग्लंडमधील रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबकडे लिहिले. जुन्या चासींच्या नोंदी जपलेल्या असल्याने आमच्या गाडीच्या नोंदीची प्रत मिळाली आणि तीत चासी नंबराशेजारी इंजिन नंबरही होता. या गाड्यांत हे दोन नंबर वेगवेगळे असतात. आरसी बुकातला इंजिन नंबर त्याच्याशी तंतोतंत जुळला, तेव्हा शून्याचा प्रश्न आपोआप मिटला.

तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांचा बराचसा वेळ स्टिअरिंगच्या मध्यावरील तरफा समजून घेण्यात गेला. इग्निशनची, म्हणजे इंजिनात ठिणगी पडण्याची, वेळ मागेपुढे करणारी तरफ त्यांनी स्वतः हलवून पाहिली, मग सही केली.

नोंदणी दहा वर्षांची आहे. रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल आणि इंधन भरणे एवढ्यासाठीच गाडी बाहेर काढता येते. त्यामुळे आमच्याकडे हल्ली पेट्रोल थोडेथोडेच भरले जाते.