विरार फास्टमधला येशू

आज बोरिवलीला कशीबशी चौथी सीट मिळाली आणि मोबाइलवर गुरुदत्तचा 'प्यासा' सिनेमा लावला (१९५७चा. कितव्यांदा, ते विचारू नका). शेजारी वसईच्या मावशी, मांडीवर सुक्या बोंबलांची पिशवी, वास अख्ख्या डब्यात. बिनधास्त माझ्या स्क्रीनमध्ये डोकावत होत्या.

सगळ्यांनी मेला असं धरलेला कवी विजय स्वतःच्याच पुण्यतिथीच्या सभेत येतो. दारात दोन्ही हात पसरून उभा, मागून उजेड.

"अगं, हा तर आमचा येशू!" मावशींचा हात आपसूक गळ्यातल्या क्रूसाकडे गेला.

मग मलाही एकेक दिसायला लागलं. येशूला पैशांसाठी विकणाऱ्या शिष्यासारखे, पैशांसाठी विजयची ओळख नाकारणारे सख्खे भाऊ, दोस्त श्याम. आणि त्याच्यावर जीव लावणारी वेश्या गुलाबो, म्हणजे येशूची शिष्या मग्दालियाच की! 'मॅन ऑफ स्टील' सिनेमावाल्यांना सुपरमॅनचं वय येशूइतकंच, ३३, सांगावं लागलं, वर अंतराळात हात पसरायला लावले. गुरुदत्तला एक दरवाजा पुरला. फरक एवढाच, की विजय कुणाला तारायला थांबत नाही. 'मी तो विजय नाहीच' म्हणतो.

वसई आली. मावशी दारातून ओरडल्या, "शेवटी क्रूसावर चढवतात का गं त्याला?"

"नाही, गुलाबोबरोबर निघून जातो!"

"बरं केलंन," म्हणाल्या, आणि पिशवी सांभाळत उतरल्या.