बियाण्यांचा कायदा आणि आमचा पार

आज संध्याकाळी पारावर बसून आम्ही केंद्राच्या नव्या बियाणे विधेयकाचा मसुदा वाचला. 1966 च्या बियाणे कायद्याची जागा तो घेणार आहे. मसुदा इंग्रजीत, मी एकेक कलम मराठीत सांगत होतो आणि लोक मला मध्येच थांबवत होते. बी उगवलंच नाही तर भरपाई कोण देणार, किती दिवसांत देणार, या एका मुद्द्यावर तासभर गेला. दुबार पेरणी केलेली माणसं बोलत होती, त्यामुळे हवेतली चर्चा नव्हतीच. शेजारच्या काकूंनी विचारलं, "घरचं बी शेजारणीला द्यायचं की नाही?" शेतकऱ्याचा तो हक्क 2001 च्या वाण संरक्षण कायद्यातही आहे, फक्त ब्रँड लावून विकता येत नाही. हे ऐकून त्यांना हायसं वाटलं.

कायद्याचा मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा, असं केंद्राचं धोरण 2014 पासून आहे. पण ते धोरणच, कायद्याचं बंधन नाही. आणि भाषेचं काय? 2020 मध्ये पर्यावरणाच्या एका मसुद्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयाने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत भाषांतर करायला सांगितलं होतं. प्रत्येक वेळी कोर्टात जावं लागू नये. गावातल्या बोलण्यालाही वजन असतं: माहितीचा अधिकारही राजस्थानच्या गावांतल्या जनसुनवायांतून उभा राहिला, मग 2005 मध्ये देशाचा कायदा झाला.

आमच्या सूचना मराठीतच लिहिल्यात. उद्या स्वच्छ प्रत काढून सह्या घेतोय. गावातल्यांनी सकाळी वाचनालयात यावं.